दोन झोतांच्या मधे

विंडसर्फिंग, म्हणजे बोर्डवर उभं राहून हातात शीड धरून पाण्यावर पळणं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हवाई बेटं येतात, निळा समुद्र, मोठ्या लाटा आणि त्यांच्यावरून उडणारी रंगीत शिडं. मी जिथे रेस करते तिथून समुद्र गाडीने अडीच-तीन तासांवर आहे. ओरेगनमधे हूड रिव्हर नावाचं छोटंसं गाव आहे, पोर्टलंडपासून पूर्वेला साधारण शंभर किलोमीटर, आणि गावाला लागूनच कोलंबिया नदी वाहते. इथे पात्र दीडेक किलोमीटर रुंद आहे, पलीकडचा काठ वॉशिंग्टन राज्यात, दोन्ही बाजूंना उभे डोंगर, दोन्ही काठांनी रेल्वेलाइन, आणि दक्षिणेला ऐन जुलैतसुद्धा बर्फ असलेला माउंट हूड. उन्हाळ्यात इथे वारा असा सुटतो की पार्किंगमधे गाडीचं दार उघडताना घट्ट धरून ठेवावं लागतं. आणि हा वारा एकसारखा नसतो. झोत येतो, जातो, मधेच काही नसतं, परत आधीपेक्षा जोरात येतो. या वाऱ्यात रेस करायला लागल्यापासून माझं एक मत पक्कं होत गेलंय, की नदीवरची रेस झोतात ठरतच नाही, ती ठरते दोन झोतांच्या मधल्या रिकाम्या जागेत. हे नीट पटवून द्यायचं म्हणून हा सगळा लेखनप्रपंच.

आधी वारा येतो कुठून ते सांगते, ते कळलं नाही तर पुढचं कशालाच काही अर्थ नाही. पॅसिफिक महासागराचं पाणी इथे उन्हाळ्यातसुद्धा थंडगार असतं, त्यामुळे किनाऱ्यावरची हवा थंड, जड, दाब जास्त. आणि कॅस्केड पर्वतरांगेच्या पलीकडे, पूर्वेला, जवळजवळ वाळवंटच आहे, दुपारी पस्तीस-अडतीस डिग्री सहज होतं, तिथली हवा तापून वर जाते, दाब कमी. आता थंड हवेला तिकडे जायचंय पण मधे पर्वताची भिंत आहे, आणि त्या अख्ख्या भिंतीत समुद्रसपाटीच्या जवळून जाणारी एकच वाट आहे, ती म्हणजे कोलंबिया नदीने कापलेली ही घळ, सुमारे 130 किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी 1200 मीटरपर्यंत खोल. इंग्रजीत तिला गॉर्ज म्हणतात, इथले आम्ही सगळे नुसतं गॉर्ज एवढंच म्हणतो. सगळी हवा त्या एका वाटेने घुसते. रेसवाले लोक सकाळी चहा घेता घेता पोर्टलंड आणि आमच्या पूर्वेचं द डॅल्स या दोन ठिकाणच्या हवेच्या दाबातला फरक बघतात, फरक वाढतोय असं दिसलं की ऑफिसमधल्या मीटिंगा दुपारच्या सकाळी सरकवायला लागतात.

माझे बाबा निवृत्त भूगोल शिक्षक, साताऱ्याकडचे. इथे आले होते तेव्हा त्यांना मी पहिल्यांदा हायवेवरून घेऊन चालले होते, तर मल्टनोमा धबधब्याच्या पुढे ते खिडकीला नाक लावून बसलेले, बराच वेळ बोलेचनात. मग एकदम म्हणाले, “अगं, हा तर आपला दगड!” आणि खरंच आहे ते. काळा कातळ, थरावर थर, अधूनमधून उभे खांब पडलेले, पाणी थरांवरून खाली येतंय. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा कोलंबियाचा त्याच्यापेक्षा बराच तरुण, दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा, पण दोन्ही लाव्हाच्या पुरांनीच झालेले. पुढे हिमयुगाच्या शेवटी मोंटानाकडे बर्फाने अडवलेलं एक प्रचंड सरोवर पुन्हापुन्हा फुटलं आणि त्या पुरांनी ही घळ अजून रुंद केली, कडे सरळसोट तासून काढले. बाबांना हे सगळं सांगत होते तर त्यांनी मलाच विचारलं, “म्हणजे सह्याद्रीला पालघाटची खिंड तशी यांना ही, होय ना? तिथे पलीकडे तमिळनाडूत पवनचक्क्या आहेत, इथेही असतील बघ.” आहेत. घळ संपून पूर्वेच्या उघड्या टेकड्या लागल्या की पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा आहेत. मला इतकी वर्षं इथे राहून पालघाट कधी आठवला नव्हता.

तर वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे, आणि नदी वाहते पूर्वेकडून पश्चिमेकडे, समुद्राला मिळायला. म्हणजे वारा प्रवाहाच्या बरोब्बर उलटा. ही एक गोष्ट या जागेचं सगळं गणित बदलून टाकते. एक तर उलट्या प्रवाहामुळे लाटा आखूड आणि उभ्या होतात, बोर्ड एका लाटेवरून उतरतोय तोवर दुसरी समोर. दुसरं म्हणजे पाण्यात पडलात तर प्रवाह तुम्हाला वाऱ्याच्या उगमाकडे नेतो, समुद्रावर नेमकं याच्या उलट, तिथे वाऱ्याबरोबर वाहवत जायची भीती. जूनमधे वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळून पाणी आलं की प्रवाहाला जोर असतो, ऑगस्टच्या शेवटी तो ओसरतो. शिवाय हा तुकडा दोन धरणांच्या मधला आहे, खाली बॉनव्हिल, वर द डॅल्स, त्यामुळे धरणातून पाणी किती सोडलंय त्यावरही दिवसागणिक फरक पडतो.

आणि वारा तुटक का? कारण तो मोकळ्या मैदानावरून येतच नाही. कड्यांवर आपटतो, वळणावर दुमडतो, बाजूच्या छोट्या दऱ्यांमधून आलेला वारा त्यात मिसळतो, उंच सुळक्यांच्या मागे भोवरे होतात आणि ते भोवरे सुटून पात्रावरून पुढे सरकत राहतात. वेधशाळेच्या अंदाजात लिहिलेलं असतं 22 नॉट. प्रत्यक्षात पाण्यावर 14 आणि 30 यांच्यामधे काहीही मिळतं, आणि एका मिनिटात दोन्ही टोकं मिळू शकतात. ज्यांना नॉटची सवय नाही त्यांच्यासाठी, 30 नॉट म्हणजे ताशी 55 किलोमीटर. आता वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो, कारण जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणजे तुमच्या हातात एकच शीड, आणि त्याच्यावरचा भार काही सेकंदांत चौपट, परत पाव. आमचं सगळं तंत्र या चौपटीला आणि पावाला तोंड द्यायचं तंत्र आहे.

म्हणून खरी रेस गवतावर सुरू होते, शीड बांधताना. माझं वजन साठ किलोच्या आत, त्यामुळे अशा दिवशी माझ्यापुढे प्रश्न असतो 5.0 का 5.8. चौरस मीटर. 5.8 बांधलं तर वारा कमी होतो तेव्हा मी चालत राहीन, पण 30च्या झोतात शीड मला बोर्डवरून उचलून फेकेल. 5.0 बांधलं तर झोतात राणीसारखी, पण 14 नॉटमधे पाण्यात रुतून बसेन. ताकदवान पुरुष मंडळी बहुतेक वेळा मोठं शीड घेतात आणि दंडाच्या जोरावर झोत निभावतात. मला ते शक्य नाही आणि मी म्हणते गरजही नाही. मी मोठं शीडच घेते पण ते बांधते वेगळं.

हे जरा जवळून सांगते. कार्बनची मास्ट, म्हणजे शिडाची उभी काठी, दोन तुकड्यांची, ती शिडाच्या पुढच्या कडेच्या खोळीत सरकवायची, मग तळाशी एक दोरी असते ती तीन-चार पुल्यांतून ओवून खाली खेचायची, याला डाउनहॉल म्हणतात. हाताने ओढून होत नाही, पाय मास्टच्या बुडाला लावून, दोरी एका दांडीला गुंडाळून, पाठ मागे टाकून खेचावं लागतं, तळव्यावर वळ उठतात. खेचत जाल तशी मास्ट वाकते आणि शिडाची वरची मागची कड ढिली पडायला लागते, गवतावर आडवं ठेवलेलं असताना ती कड अगदी लुळी दिसते. नवीन माणसाला वाटतं चुकलं काहीतरी, चांगलं ताणलेलं शीड असं ढिलं कसं. पण तीच तर गंमत आहे. झोत आला की ती वरची ढिली कड आपोआप उघडते आणि जास्तीचा वारा वरून सांडून जातो, खालचा भाग मात्र घट्ट राहून ओढत राहतो. झोत गेला की कड परत मिटते. म्हणजे शीड स्वतःच थोडंसं लहान-मोठं होतं, तुमच्या दंडांनी करायचं काम निम्मं तेच करतं. डाउनहॉल आणखी एक सेंटिमीटर खेचायचा का नको यावर मी जेवढा विचार करते तेवढा मी घर घेताना केला नसेल.

रेस स्लॅलमची असते. वाऱ्याला जवळजवळ आडवं, थोडं वाऱ्याबरोबर खाली, असं नागमोडी जायचं, पाण्यात नांगरलेले मोठे नारिंगी बोये म्हणजे तरंगत्या खुणा, प्रत्येकाला वळसा, शेवटी फिनिश. एक फेरी काही मिनिटांत संपते, दिवसात बऱ्याच फेऱ्या होतात, पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला, आणि पुरेशा फेऱ्या झाल्या तर सगळ्यात वाईट फेरी वजा करतात. हूड रिव्हरला गॉर्ज कप म्हणून मालिका असते, त्यात शाळकरी पोरांपासून केस पिकलेल्यांपर्यंत सगळे एकत्र.

स्टार्टला घड्याळ चालू असतं, हॉर्न वाजायच्या आधी रेषा ओलांडली तर ती फेरी गेली. इथे आपल्या त्या उलट्या प्रवाहाचा पहिला हिसका बसतो. वाऱ्याबरोबर खाली जायचंय म्हणजे नदीच्या वरच्या बाजूला जायचंय, आणि रेषेमागे तुम्ही नुसते रेंगाळत उभे राहिलात तर पाणी तुम्हाला हळूहळू मागे नेत असतं. पाण्याकडे बघून हे कळत नाही, कारण आजूबाजूचे सगळेच तेवढेच मागे जात असतात. काठावरच्या एखाद्या झाडाची आणि त्याच्यामागच्या डोंगरातल्या खुणेची रेघ डोळ्यांनी धरून ठेवायची, ती रेघ मोडली की समजायचं आपण सरकतोय. शेवटची चाळीस-पन्नास सेकंद असताना सगळे एकदम वळतात आणि रेषेकडे सुटतात, तेव्हा तुमच्या मागून झोत येत असेल तर तुम्ही हॉर्नच्या ठोक्याला पूर्ण वेगात असता, आणि खड्डा आला तर बाकीचे निघून जाताना बघत बसावं लागतं. वाऱ्यातल्या त्या रिकाम्या जागेला इथे होल म्हणतात, मी खड्डा म्हणते.

आता मूळ मुद्दा. झोत दिसतो. पाण्यावर तो गडद, बारीक सुरकुत्यांचा पट्टा म्हणून सरकत येतो, कडेला पांढरा फेस उडत असतो, आणि डोळ्याला सवय झाली की किती सेकंदांत पोचेल तेही सांगता येतं. त्यामुळे झोताची तयारी सगळेच करतात. गुडघे वाकवा, कंबर हार्नेसमधे, म्हणजे शिडाच्या दोरीत हुक अडकवायच्या पट्ट्यात, खाली टाका, मागचा हात घट्ट, शीड आत ओढलेलं, आणि झोत बसला की बोर्ड थोडा वाऱ्याबरोबर खाली वळवा म्हणजे जास्तीचा जोर वेगात जातो. पहिल्या दहातले सगळे हे सारखंच करतात, झोतात त्यांच्यात फारसा फरक पडतच नाही. खड्डा मात्र दिसायला अवघड. गुळगुळीत पाणी, थोडं उजळ, लाटांच्या मधे हरवलेलं. आणि खड्ड्यात शिरल्यावर काय होतं ते आधी माहीत नसेल तर सगळं उलटं करावंसं वाटतं.

होतं असं. बोर्ड पळत असतो तेव्हा शिडाला लागणारा वारा हा नुसता नदीवरचा वारा नसतो, त्यात तुमच्या स्वतःच्या वेगामुळे समोरून येणारी हवाही मिसळलेली असते. झोत संपला की नदीवरचा वारा एकदम कमी होतो पण तुमचा वेग अजून तसाच असतो, त्यामुळे मिसळलेला वारा एकदम समोरून यायला लागतो, शिडाची ओढ नाहीशी होते, आणि तुम्ही तर सगळं वजन मागे टाकून त्या ओढीवर रेललेले. भरधाव सायकलची चेन पडावी तसं होतं ते, पाय फिरतायत आणि खाली काहीच नाही. बहुतेक जण इथे शीड जोरात आत ओढतात, वारा पकडायला. आणि तिथेच वेग मरतो, कारण समोरून येणाऱ्या हवेत शीड ओढलं की ते ब्रेकचं काम करतं. करायचं असतं नेमकं याच्या उलट. मागचा हात थोडा सैल, शरीर आत बोर्डवर, वजन मास्टच्या बुडाकडे म्हणजे पुढे, टाचांवरचा भार काढून घ्यायचा, बोर्ड सपाट ठेवायचा आणि नाक अगदी किंचित वाऱ्याकडे वळवायचं. बोर्ड पाण्यावर घसरत असतो, त्याला प्लेनिंग म्हणतात, एकदा ते तुटलं आणि बोर्ड पाण्यात बसला की परत घसरायला लागायला पुढचा झोत यावाच लागतो, आणि बाजूचा माणूस जर तेवढ्यात घसरतच राहिला असेल तर तो पन्नास मीटर पुढे. ते पन्नास मीटर पुढच्या झोतात भरून निघत नाहीत, कारण झोत त्यालाही मिळतो.

फायदा मिळतो तो एवढाच, खड्ड्यातल्या पाच-सहा सेकंदांचा. आणि तो ताकदीने मिळत नाही. म्हणून मला ही नदी इतकी प्यारी आहे. इथे साठ किलोची बाई नव्वद किलोच्या पुरुषाच्या पुढे जाऊ शकते, कारण खड्ड्यात हलकं असणं हे भांडवल असतं, हलका बोर्ड लवकर बसत नाही.

आमच्यात एक साठी उलटलेल्या बाई आहेत, बराच काळ शाळेत शिकवत होत्या, आता निवृत्त. त्या आल्या की आधी शीड बांधत नाहीत. खुर्ची टाकतात, कॉफी घेतात, आणि निदान वीस मिनिटं पाण्याकडे बघत बसतात. मी एकदा त्यांच्या शेजारी बसले, म्हटलं बघू तरी काय बघतात. त्यांनी मला पश्चिमेकडे बोट दाखवलं, तिथे गॉर्जच्या तोंडाशी करड्या ढगांचा पडदा असतो, समुद्रावरून आलेला, आणि गावाच्या अलीकडे कुठेतरी तो संपून ऊन सुरू होतं. म्हणाल्या, ती ऊन-ढगाची सीमा कुठे आहे ते बघ, ती सरकली की वारा सरकतो. मग म्हणाल्या पलीकडच्या काठाकडे बघ, कड्याच्या त्या नाकाखाली पाणी उजळ दिसतंय ना, तिथे वारा नाहीये आणि दुपारभर नसणार, दुसरा बोया त्या पट्ट्याच्या तोंडाशी आहे. मी आधी त्या बोयाकडे फक्त वळायची जागा म्हणून बघत होते. त्या दिवशी त्यांनी प्रत्येक फेरीत दुसरा बोया थोडा लांबून घेतला, आतून जवळून घेण्याच्या मोहात पडल्याच नाहीत, आणि प्रत्येक फेरीत तिथे त्यांनी दोघं-तिघं तरी मागे टाकले. आतून जाणारी तरणी पोरं त्या उजळ पाण्यात शिरायची आणि बसायची. ज्यांना रेसमधे कोणाकडून काही शिकायचंय त्यांनी पहिल्या नंबराच्या माणसाकडे बघू नये असं माझं मत आहे, त्याचं सामान वेगळं असतं, वय वेगळं असतं. असं कोणीतरी बघावं जे ताकद कमी असून पुढे येतंय.

दुसऱ्या बोयाची गोष्ट निघालीच आहे तर वळण्याबद्दल. वाऱ्याकडे पाठ करून वळायचं, त्याला जाइब म्हणतात, आणि स्लॅलममधे सगळी भांडणं तिथेच होतात. हार्नेसचा हुक सोडायचा, मागचा पाय पट्ट्यातून काढून बोर्डच्या आतल्या कडेवर ठेवायचा, गुडघे पुढे, कड दाबायची, बोर्ड कमान काढत वळतो. कमानीच्या मधे कुठेतरी एक क्षण येतो जेव्हा तुमचा वेग आणि वाऱ्याचा वेग जवळजवळ सारखा होतो आणि इतका वेळ दंड उपसणारं शीड एकदम बिनवजनाचं होतं. त्याच क्षणी ते फिरवायचं. तो चुकला तर शीड जड होतं आणि मग ते फिरवत नाही तुम्ही, ते तुम्हाला फिरवतं. एकसारख्या वाऱ्यात हा क्षण शोधावा लागत नाही, आपणहून येतो. तुटक वाऱ्यात प्रश्न पडतो की झोताच्या तोंडावर वळायचं का शेपटीवर. शेपटीवर वळलं तर वळण सुखाचं, शीड हलकं, पण बाहेर पडताना वारा संपलेला आणि तुम्ही खड्ड्यात. तोंडावर वळलं तर शीड अंगावर येतं, ते पाण्याला टेकेल इतकं आडवं करून जोर मारावा लागतो, पण बाहेर पडताना पूर्ण झोत हातात. मी नेहमी दुसरा रस्ता घेते, आणि कोणी विचारलं तर तोच घ्या असं सांगते. सुखाच्या वळणाचे पैसे पुढच्या पट्ट्यात चुकते करावे लागतात.

एक मात्र आहे, ही नदी आमच्या रेससाठी नाहीये. हे मी मुद्दाम लिहितेय कारण काठावर रंगीबेरंगी तंबू, संगीत, खाण्याच्या गाड्या बघून तसं वाटू शकतं. वरून गव्हाचे बार्ज, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू नावा, येतात, एक टगबोट मागून चार-चार बार्ज ढकलत असते, पोर्टलंडकडच्या धक्क्यांवर गहू जातो आणि तिथून जहाजांनी आशियात. ते थांबू शकत नाहीत, वळूही शकत नाहीत पटकन, त्यामुळे बार्ज दिसला की रेस थांबते, आम्ही सगळे काठाकडे सरकतो, भोंग्याचे पाच छोटे आवाज आले तर समजायचं की धोका तुमच्यामुळे आहे. आणि मासेमारीच्या दिवसांत जाळी असतात. याकामा, वॉर्म स्प्रिंग्ज, उमाटिला आणि नेझ पर्स या चार जमातींचा इथे सॅमन धरायचा हक्क 1855च्या करारांत लिहिलेला आहे, आणि त्यांचा या नदीशी संबंध त्या कागदाच्या हजारो वर्षं आधीचा. द डॅल्सच्या वर सेलायलो नावाचा धबधबा होता, तिथे पिढ्यान्‌पिढ्या लाकडी फळ्या टाकून त्यावर उभं राहून लोक मासे धरायचे, लांबलांबून माणसं व्यापाराला यायची. 10 मार्च 1957ला द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद केले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. आज तिथे सपाट पाणी आहे. आम्ही ज्या सपाट, रुंद पाण्यावर शिडं घेऊन पळतो ते पाणी असं झालेलं आहे, धरणांमुळे, आणि कोणाचं तरी काहीतरी बुडवून. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते कोयनेबद्दल बोलले, शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांबद्दल, बराच वेळ. त्यामुळे जाळ्याचे तरंगते बोये दिसले की मी लांबून जाते, नुसता नियम म्हणून नाही.

गाव मुळात फळबागांचं. हूड रिव्हरचं खोरं नासपतीसाठी प्रसिद्ध आहे, सफरचंद, चेरीपण, आणि पूर्वी लाकडाच्या गिरण्या. गावातले लोक पिढ्यान्‌पिढ्या या वाऱ्याला शिव्या घालत आले, फुलोरा झडतो, फळं गळतात. 1980च्या दशकात शिडं घेऊन पोरं यायला लागली आणि त्याच वाऱ्यावर दुकानं, शिडं आणि फिन (बोर्डखालचं उभं पातं) बनवणारे छोटे कारखाने, खोल्या भाड्याने देणं असं सगळं उभं राहिलं. या खेळाची सुरुवातही समुद्रावर झालेली नाही हे मला फार आवडतं. 1964 साली न्यूमन डार्बी यांनी फळीवर उभं राहून शीड हातात धरायची कल्पना पेनसिल्व्हेनियात राबवली, तिथे समुद्र नाही. कॅलिफोर्नियाचे जिम ड्रेक आणि हॉइल श्वाइट्झर यांनी मास्टच्या बुडाला सगळीकडे फिरणारा सांधा लावून पेटंट घेतलं ते नंतर. 1984 साली लॉस एंजेलिसला हा खेळ ऑलिंपिकमधे आला. आपल्याकडचं बघायचं तर 2023मधे हांगचौला झालेल्या आशियाई खेळांत ईबाद अलीने विंडसर्फिंगच्या आरएस-एक्स प्रकारात ब्राँझ मिळवलं, आणि तो तयार झाला भोपाळच्या तलावावर. मला त्यात काहीच आश्चर्य वाटलं नाही. चारी बाजूंनी जमीन असलेल्या पाण्यावर वारा फसवा असतो, आणि फसव्या वाऱ्यात वाढलेल्या मुलांचे डोळे लवकर तयार होतात. आपल्याकडे पाणी कमी नाही, गोव्यात या खेळाची चांगली मुलं-मुली आहेत, पण महाराष्ट्रातल्या धरणांचे जलाशय, जून-जुलैत वाऱ्याने नुसते उसळत असतात, आणि त्यांच्यावर अशी शिडं फारशी दिसत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता फॉइलचं युग आलंय, बोर्डखाली पंखासारखं पातं लावतात आणि बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो, आठ-दहा नॉटमधेही पळतो. पॅरिस ऑलिंपिकला तेच होतं. फॉइलवाल्यांना खड्ड्यांची पर्वा कमी, ते वरच्यावर तरंगत पुढच्या झोतापर्यंत पोचतात, आणि हलक्या वाऱ्याच्या दिवशी त्यांच्याकडे बघून हेवा वाटतो. पण 28 नॉटच्या तुटक वाऱ्यात, या आखूड लाटांत, आणि ऑगस्टमधे पाण्यात वाढणाऱ्या त्या मिलफॉइल नावाच्या शेवाळी वनस्पतीत फॉइल अडकतं. फिनवाल्यांकडे त्यावर उपाय आहे, मागे कललेलं फिन लावायचं म्हणजे वेल घसरून जाते. वेग थोडा कमी मिळतो, पण तिसऱ्या बोयाजवळ थांबून फिनला गुंडाळलेलं गवत उपटत बसण्यापेक्षा कधीही बरं. मी फिन सोडलेलं नाही. शिकायला म्हणून फॉइल घेईनही, पण जोरदार वाऱ्याच्या दिवशी मला पाण्याला चिकटलेला बोर्डच हवा, खालची प्रत्येक लाट पायाला कळायला हवी.

सिएटल, पोर्टलंडकडचे मराठी लोक हे वाचत असतील तर एकदा रेसच्या दिवशी या. जुलैचा मध्य ते ऑगस्टचा मध्य बरा. पार्किंगला पैसे पडतात, पण काठावर बसायला काही नाही, गवत आहे, पायऱ्या आहेत. जाड जॅकेट आणा, पोर्टलंडला घामाघूम होत असलं तरी इथे वाऱ्यात कुडकुडायला होतं, आणि डब्याची झाकणं घट्ट लावा. दुर्बीण असेल तर उत्तम. स्टार्ट बघाच, पण नंतर पहिल्या नंबराच्या मागे दुर्बीण फिरवत बसू नका. पहिल्या आणि दुसऱ्या बोयाच्या मधला पट्टा धरून ठेवा. तिथे पाणी उजळ झालं की बघा कोण शीड आत ओढतंय आणि कोण मागचा हात सैल सोडून पुढे झुकतंय. बाबा तीन फेऱ्या बघून मग आधीच सांगायला लागले होते, कोण बसणार ते, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर येत होतं.